अंधार आकाशाला हवा, घराला नको

पैसे मोजून उघड्यावर झोपायला जाणारी माणसे असतात, ही गोष्ट आमच्या आईला अजून पटलेली नाही. पण अशी माणसे आहेत, आणि दरवर्षी वाढत आहेत. या प्रकाराला ‘ग्लॅम्पिंग’ म्हणतात. ‘ग्लॅमर’ आणि ‘कॅम्पिंग’ या दोन इंग्रजी शब्दांची गाठ मारून हा शब्द तयार झाला. राहायचे तंबूतच, पण तंबूत पलंग, जाड गादी, आरसा, गालिचा, स्वतंत्र संडास-बाथरूम आणि गरम पाणी. बाहेर डोंगरदऱ्या आणि डोक्यावर ताऱ्यांनी भरलेले आकाश.

अमेरिकेत ग्रँड कॅन्यन नावाची प्रचंड घळ आहे. कोलोरॅडो नदीने कोरलेली ही घळ ४४६ किलोमीटर लांब असून काही ठिकाणी १८०० मीटरहूनही खोल आहे. २०१९ साली तिथल्या राष्ट्रीय उद्यानाला ‘आंतरराष्ट्रीय डार्क स्काय पार्क’ असा दर्जा मिळाला, म्हणजे रात्रीचे आकाश काळेभोर राखलेली जागा. त्या भागात अशा आलिशान तंबूंचा धंदा चांगला चालतो. तीच हवा आता आपल्याकडे आली आहे. आमच्यासारख्या कल्याणच्या पुढे राहणाऱ्या कारकुनाला ती लागली सांदण दरीत.

आईचा प्रश्न मात्र साधा होता. ‘‘घरात छप्पर असताना पैसे देऊन उघड्यावर निजायला कशाला जाता?’’

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आमच्या आजोबांनी गावकीच्या चाकरीत किती रात्री उघड्यावर काढल्या, त्याचा हिशेब कुणी ठेवला नाही. खळ्यावर राखण, चावडीपुढे हजेरी, टपाल घेऊन दुसऱ्या गावी रात्रीची पायपीट. १९५८ च्या कायद्याने ती वतने गेली. मग माणसे शहरात आली आणि फुटपाथवर, गिरणीच्या दारात, पुलाखाली झोपली. डोक्यावर पत्रा यायला एक पिढी गेली आणि स्लॅब यायला दुसरी. ज्यांच्या घराण्यात उघड्यावरची झोप म्हणजे लाचारी, त्यांना तिची ‘मौज’ कशी समजावी? आम्ही दोनदा सांदणला जाऊन आलो. दोन्ही खेपांत जे पाहिले ते वाचकांपुढे ठेवतो. आईच्या प्रश्नाचे उत्तर त्यातून निघते का ते ज्याने त्याने ठरवावे.

सांदण दरी अहिल्यानगर जिल्ह्यात (पूर्वीचा अहमदनगर जिल्हा) अकोले तालुक्यात, साम्रद गावाला लागून आहे. कसाऱ्यापर्यंत लोकल, पुढे जीपने घोटी, बारी, शेंडी करत साम्रदला पोहोचता येते. वाटेत भंडारदऱ्याचा जलाशय लागतो. प्रवरेवरचे ते धरण १९२६ साली पुरे झाले. साम्रदच्या एका अंगाला रतनगड, दुसऱ्या अंगाला अलंग, मदन, कुलंग हे गड, आणि पश्चिमेला सह्याद्रीचा कडा एकदम कोकणात तुटलेला. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर साचून हा सगळा दगड तयार झाला. त्या कातळाला भेग पडली, पाण्याने ती झिजवली, रुंदावली आणि सांदण तयार झाली. वरून चालत येणाऱ्याला ती दिसतही नाही. एकदम पायाखालची जमीन दुभंगते आणि दोन उभ्या भिंतींमधून वाट खाली उतरते. काही ठिकाणी दोन्ही हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतात. ऊन आत शिरते ते मध्यान्हीच्या थोड्या वेळापुरते. पावसाळ्यात हीच वाट पाण्याचा लोंढा होते, म्हणून तेव्हा आत जाणे म्हणजे जीव धोक्यात घालणे.

पहिल्या खेपेला आम्ही गेलो ते ऑफिसच्या कर्मचारी मंडळाच्या सहलीतून. नोव्हेंबर महिना होता. मंडळाच्या निधीतून निम्मे पैसे आणि निम्मे ज्याचे त्याने, असे ठरले म्हणून जमले. एरवी त्या तंबूचे एका रात्रीचे भाडे म्हणजे आमच्या घरचा महिन्याचा किराणा. दरीपासून काही अंतरावर शेतात पांढऱ्या तंबूंची रांग होती. जाहिरातीच्या कागदावर ताऱ्यांनी भरलेल्या आकाशाचा फोटो होता. आम्ही मुलीसाठी तो कागद जपून ठेवला होता. ती बी. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि तिने आकाशगंगा पुस्तकाबाहेर कधी पाहिली नव्हती.

रात्र झाली. तंबूंवर दिव्यांच्या माळा लागल्या. मधल्या हिरवळीवर दोन मोठे फ्लडलाइट लागले. स्पीकरवर गाणी सुरू झाली. मुलगी मान वर करून उभी राहिली आणि म्हणाली, ‘‘बाबा, आपल्या गच्चीवरून दिसतात त्याच्यापेक्षा थोड्या जास्त आहेत. पण फोटोतले कुठे आहे?’’

तंबूवर देखरेखीला साम्रदचाच एक तरुण होता. आम्ही त्याला म्हटले, ‘‘भाऊ, हे दिवे थोडा वेळ बंद करता येतील का?’’ तो इकडेतिकडे बघून म्हणाला, ‘‘साहेब, मला कळतंय तुम्ही काय म्हणताय. पण दिवे बंद केले की पाहुणे ओरडतात. मालकाला फोन जातो. मग माझी बोलणी होतात.’’

नोकरीतल्या माणसाची ही भीती आम्हाला चांगली ठाऊक आहे. तेव्हा त्याला पुढे न करता आम्ही स्वतः सगळ्यांसमोर उभे राहिलो. म्हटले, ‘‘मंडळी, आपण तारे बघायला पैसे भरले आणि फ्लडलाइट बघत बसलो आहोत. वीस मिनिटे दिवे आणि गाणी बंद ठेवू. नाही आवडले तर पुन्हा लावू.’’ कुणी म्हणाले, साप-विंचू निघतील. कुणी म्हणाले, लेकरे घाबरतील. पलीकडच्या तंबूतल्या एका गृहस्थांनी तर ‘‘आम्ही पूर्ण पैसे दिलेत’’ असे सुनावले. त्यांच्याच आई खुर्चीवर बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, ‘‘अरे, बंद करू दे की. किती वर्षांत आभाळ बघितलं नाही मी.’’ मग कुणी बोलले नाही.

दिवे गेले. पहिली पाच मिनिटे नुसता काळोख. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस मिनिटे ते अर्धा तास लागतो, हे मुलीने सगळ्यांना सांगितले. हळूहळू एकेक चांदणी वाढू लागली. मग वाढते आहे हे मोजणेच सुटले. उत्तरेच्या शर्मिष्ठेपासून पूर्वेकडे एक फिकट पट्टा पसरलेला दिसला. मुलगी काही बोलली नाही. तिने आमचा दंड घट्ट धरून ठेवला होता. वीस मिनिटांची चाळीस झाली, तरी दिवे लावा असे कुणी म्हणाले नाही.

मुंबई-कल्याणला हे का दिसत नाही? तारे तिथेही तेच आहेत. पण रस्त्यावरचे, दुकानांचे, जाहिरातींच्या फलकांचे दिवे जेवढा उजेड खाली टाकतात, त्यातला बराचसा वर आणि बाजूला फेकतात. हवेतली धूळ आणि बाष्प तो उजेड पसरवतात, आणि आकाश राखाडी-नारिंगी होऊन जाते. त्या उजेडात मंद तारे बुडतात. २०१६ साली शास्त्रज्ञांनी साऱ्या जगाचा असा नकाशा तयार केला. त्यातून दिसले की जगातली ८० टक्क्यांहून अधिक माणसे या उजळलेल्या आकाशाखाली राहतात आणि एक तृतीयांशाहून अधिक माणसांना घरून आकाशगंगा दिसतच नाही. नुकसान माणसांपुरते नाही. भंडारदऱ्याच्या याच परिसरात मे अखेरीस, पावसाच्या तोंडावर काजव्यांनी झाडे उजळतात. काजव्याची लुकलुक ही त्याची मादीशी चाललेली बोलणी असते. गाड्यांच्या दिव्यांच्या झोतात ही बोलणी ऐकू जात नाहीत, असेच म्हणायचे.

सहलीहून परतल्यावर मुलगी म्हणाली, ‘‘अभ्यासिकेतल्या मुलांना न्यायला पाहिजे.’’ आमच्या वस्तीत एका खोलीत आम्ही काही जण मिळून संध्याकाळची अभ्यासिका चालवतो. पांढऱ्या तंबूंचे भाडे त्या मुलांच्या बापांना झेपणारे नव्हते. तेव्हा पहिल्या खेपेला भेटलेल्या त्या तरुणाला फोन केला. तो म्हणाला, ‘‘काका, आमच्या मावशीच्या घरी या. अंगणात साधे तंबू लावू, जेवण घरचं.’’ डिसेंबरात, अमावस्येला लागून आलेला शनिवार गाठून अठरा मुले, दोन मुलांच्या आया, अभ्यासिकेचे दोन तरुण, आमची मुलगी, धाकटा, मुलांची आई आणि आम्ही असे निघालो. आणि ऐनवेळी पिशवी घेऊन आमची आईही दारात उभी. ‘‘मी येते. बघते तरी काय ते,’’ म्हणाली.

मावशींचे घर आदिवासी महादेव कोळी कुटुंबाचे. चुलीवरच्या भाकरी, पिठले, ठेचा, भात. पांढऱ्या तंबूतल्या एका रात्रीच्या भाड्यात इथे सगळ्या मुलांची दोन्ही वेळची जेवणे झाली, आणि पैसा रांधणाऱ्या हातात गेला. जेवताना आम्ही उत्साहाने म्हणालो, ‘‘मावशी, तुमच्याकडचा अंधार फार मोलाचा आहे. असाच राहू द्या.’’

मावशी भाकरी थापता थापता थांबल्या. म्हणाल्या, ‘‘दादा, तुम्हाला अंधार बघायचाय. आम्हाला तो पाठ झालाय. माझी सून बाळंतपणाला अडली ती रात्रीच. लाइट गेलेली. बॅटरीच्या उजेडात तिला जीपपर्यंत नेली. दवाखाना लांब. ती वाचली, पोर वाचलं, म्हणून आज तुमच्याशी बोलते.’’

थोडा वेळ कुणी घास तोंडात घातला नाही. त्यांचे म्हणणे सोळा आणे खरे होते. शहरातला माणूस डोंगरात येतो, एक रात्र अंधार बघतो आणि सकाळी वीज असलेल्या घरी परततो. त्याने गावाला ‘अंधारात राहा’ म्हणून सांगणे हा शहाणपणा नव्हे. त्यातही गंमत अशी की साम्रदपासून जवळच घाटघर आहे. तिथे २००८ साली सुरू झालेला २५० मेगावॅटचा वीज प्रकल्प आहे. वरच्या धरणातले पाणी कोकणच्या अंगाला खालच्या धरणात सोडून वीज करतात आणि मागणी कमी असते तेव्हा तेच पाणी पंपाने पुन्हा वर चढवतात. त्या डोंगरातली वीज शहरात आमच्या जाहिरातींच्या फलकांवर जळणार आणि बाळंतिणीला बॅटरी, हा न्याय नव्हे.

मग मुलीने मावशींना विचारले, ‘‘आजी, दिवा वाटेवर पडला, पण वर आभाळात गेला नाही, तर चालेल का?’’ मावशी म्हणाल्या, ‘‘मला वाट दिसली म्हणजे झालं. आभाळात दिवा लावून मला काय करायचंय?’’

सगळा प्रश्न त्या एका वाक्यात मिटतो. दिव्यावर झाकण, दिव्याचे तोंड खाली, उजेड पिवळसर आणि गरजेपुरता. याला ना मोठा खर्च, ना मोठे यंत्र. आणि हे होऊ शकते. लडाखमध्ये हानले इथे साडेचार हजार मीटर उंचीवर भारताची खगोल वेधशाळा आहे. २०२२ साली तो परिसर ‘डार्क स्काय रिझर्व्ह’ म्हणून जाहीर झाला. तिथे गावातल्याच तरुण-तरुणींना दुर्बिणी देऊन शिकवले. पाहुण्यांना आकाश तेच दाखवतात आणि कमाई त्यांच्या घरी जाते. आपल्या महाराष्ट्रात नागपूरजवळच्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ साली भारतातले पहिले ‘डार्क स्काय पार्क’ हा मान मिळाला. तिथल्या गावांतले दिवे काढून घेतले नाहीत. जमिनीकडे तोंड असलेले दिवे बसवले. साम्रदसारख्या गावाला हेच का मिळू नये?

जेवणे झाल्यावर मुले अंगणात सतरंजीवर आडवी झाली. बॅटऱ्यांवर लाल जिलेटिन कागद बांधला होता, कारण लाल उजेडाने अंधाराला सरावलेले डोळे बिघडत नाहीत. एका दहा वर्षांच्या पोराने विचारले, ‘‘काका, ते धुकं आहे का?’’ ते धुके म्हणजे आकाशगंगा होती. मुलीने एकेक नाव सांगायला सुरुवात केली. कृत्तिकांचा पुंजका, तिथून प्रकाशाला इथे यायला सुमारे ४४० वर्षे लागतात, म्हणजे तो अकबर बादशहाच्या काळी निघाला. तांबूस रोहिणी; तिचा आज दिसणारा प्रकाश निघाला सुमारे ६५ वर्षांपूर्वी, महाराष्ट्र राज्य झाले त्या सुमारास. खाली झगझगणारा व्याध. त्याचा प्रकाश साडेआठ वर्षांपूर्वीचा, म्हणजे आमचा धाकटा जन्मला तेव्हाचा. आणि देवयानी तारकासमूहातला तो पुसट ठिपका म्हणजे दुसरी आकाशगंगा, २५ लाख प्रकाशवर्षे दूर. एका मुलीने विचारले, ‘‘ताई, मग यातला कुठला तारा आपली पत्रिका बघतो?’’ सगळे हसले. आमची मुलगी म्हणाली, ‘‘इतक्या लांबून त्याला आपलं घरसुद्धा दिसत नाही ग. पत्रिका कशी बघेल?’’ जे काम आमच्या चार भाषणांनी झाले नसते ते त्या अंगणात एका वाक्यात झाले.

आई इतका वेळ गप्प होती. मृग वर आला तेव्हा तिने बोट केले. ‘‘ते तिकांडं. ते माथ्यावरून कललं की आम्ही समजायचो, रात्र सरत आली. बाया उठायच्या, दळण घ्यायच्या, मग कापणीला निघायच्या.’’ मुले तिच्याभोवती सरकली. सप्तर्षी अजून उगवायचे होते. तिने सांगितले, ‘‘मागनं म्हातारीचं बाजलं येईल. चार खूर बाजल्याचे आणि तीन चोर मागं.’’ बी. एस्सी. झालेल्यांना नावे पाठ असतात. आईला तर लिहिता येत नाही, पण कुठला तारा कुठल्या महिन्यात कुठे असतो हे तिच्या हाडात होते. मुलगी वहीत आजीची नावे लिहून घेऊ लागली.

आम्ही आईला विचारले, ‘‘मग आई, मौज वाटली ना? जुने दिवस आठवले?’’

आई म्हणाली, ‘‘मौज कसली रे? घड्याळ नव्हतं म्हणून चांदण्या बघत होतो. घड्याळ असतं तर झोपलो नसतो का? पण आज बरं वाटलं. आज उठून कुणाच्या शेतात जायचं नाही.’’

उघड्यावरच्या सक्तीच्या रात्रीत आणि मर्जीच्या रात्रीत काय अंतर आहे, हे आम्हाला त्या उत्तरातून कळले. आकाश तेच असते. फरक सकाळी कुणाच्या हुकुमाने उठायचे याचा असतो. गालिचा, गरम पाणी आणि पांढरा तंबू यांनी हा फरक पडत नाही.

सकाळी गावातला वाटाड्या घेऊन मुले दरीत उतरली. मोठमोठ्या धोंड्यांवरून उतरत, एका डोहात कमरेइतक्या थंडगार पाण्यातून एकमेकांचा हात धरून पुढे गेलो. दोराशिवाय जाता येते तिथवर जाऊन परत फिरलो. पुढचे कडे उतरायला दोर आणि जाणता माणूस लागतो. वर पाहिले तर आकाशाची निळी चिंधी दोन भिंतींत अडकलेली.

ज्या कुटुंबांना जायचे असेल त्यांच्यासाठी चार गोष्टी सांगतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारीतला अमावस्येजवळचा दिवस धरा. पावसाळ्यात दरीत उतरू नका. अंगभर गरम कपडे, पकड असलेले बूट आणि बॅटरीला लाल कागद घ्या. दुर्बीण नसली तरी अडत नाही. वाटाड्या गावातलाच घ्या. तंबू ठरवण्यापूर्वी विचारा की तंबू कुणाचा, रांधणार कोण आणि तिला पैसे किती मिळणार. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला बरोबर न्या. आणि प्लॅस्टिक आणाल तेवढे परत घेऊन या.

परत आल्यावर मुलांनी एक काम हाती घेतले. आमच्या वस्तीच्या तोंडाशी खांबावर नवा पांढरा दिवा बसवला आहे. त्याचा झोत रात्रभर लोकांच्या खिडक्यांत आणि आभाळात जातो. आणि मागच्या बाजूला, सार्वजनिक संडासाच्या वाटेवर, जिथे बायका-मुली रात्री जीव मुठीत धरून जातात, तिथे एकही दिवा नाही. आम्ही कारकून माणूस, अर्ज लिहिणे हेच आमचे हत्यार. पण या वेळी अर्ज मुलांनी लिहिला आणि आम्ही फक्त शुद्धलेखन पाहिले. पुढच्या दिव्याला झाकण बसवून त्याचे तोंड खाली करावे आणि मागच्या वाटेवर एक दिवा द्यावा, अशा दोनच मागण्या आहेत. खाली ६३ घरांच्या सह्या आणि अंगठे आहेत. पहिला अंगठा आमच्या आईचा आहे. अर्जाची शिक्का मारलेली पोच फाइलला लावली आहे, आणि दर सोमवारी ऑफिसला जाण्यापूर्वी आम्ही विचारपूस करायला जातो.